कानशिलं तेहतिसाव्या वर्षी पिकली: वयाचा भाग किती, सिगरेटचा किती?

सातपूरकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. गेल्या रविवारी चुलतबहिणीच्या साखरपुड्याला गेलो होतो. पंगतीत मी आणि माझा थोरला भाऊ शेजारी बसलो होतो. वाढायला आलेले मुलाकडचे एक काका मला म्हणाले, "तुम्ही थोरले ना? धाकट्याला जरा आग्रह करा, लाजतोय तो." दादा माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा आहे. घास तसाच हातात राहिला. दादाने विषय बदलला, पण घरी आल्यावर मी बराच वेळ आरशासमोर उभा होतो.

वय ३३. दोन्ही कानशिलं जवळजवळ पूर्ण पांढरी, वर डोक्यात अधूनमधून, दाढीत हनुवटीवर एक पट्टा. पहिला पांढरा केस सत्ताविसाव्या वर्षी दिसला होता. वडिलांचे केस पंचेचाळिशीनंतर पिकायला लागले, आईचे साठीतही बरेचसे काळे आहेत. दादाला मोजून दहा-पंधरा केस. आम्हा दोघांत एक फरक ठळक आहे. मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षापासून सिगरेट ओढतो, आता दिवसाला बारा, रात्रपाळी असली की पंधरा. दादाने कधी हात लावला नाही.

तंबाखूचा आणि केस पिकण्याचा खरंच संबंध आहे का, की पिकायचे ते वयाने पिकतातच? आणि सोडली तर पुन्हा काळे होतात का? ज्यांना ठाऊक आहे त्यांनी मोकळेपणाने सांगा, बरं वाटावं म्हणून काही सांगू नका.

मोगरा७

सातपूरकर, माझे मिस्टर सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकत नाहीत आणि तिशीत अर्धे पांढरे झाले. सासऱ्यांचेही तसेच झाले होते. हे रक्तातून येतं. उगाच जिवाला लावून घेऊ नका.

त्वचारोग_ओपीडी

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. हा प्रश्न आठवड्यातून चार-पाच जण तरी विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, केस पांढरा होत नाही, पांढरा उगवतो. कातडीबाहेर आलेला केस निर्जीव असतो, त्याचा रंग आतून बदलत नाही. एका रात्रीत डोकं पांढरं झाल्याच्या गोष्टी आपण ऐकतो, तसं होणं शक्य नाही. बदल होतो तो मुळाशी. तिथे रंग बनवणाऱ्या पेशी असतात, मेलॅनोसाइट. डोक्यावरचा एक केस साधारण दोन ते सहा वर्षं वाढतो, मग गळतो, मूळ थोडी विश्रांती घेतं आणि नवा केस धरतं. दर फेरीला रंगपेशी नव्याने लागतात. त्या येतात मुळाच्या थोड्या वर असलेल्या मूळपेशींच्या साठ्यातून. हा साठा आटत गेला की पुढचा केस रंगाशिवाय येतो. वयाने केस पिकतात ते मुख्यतः असे, आणि साठा कधी आटायला लागणार हे बऱ्याच अंशी आईवडिलांकडून येतं. २०१६ मध्ये लॅटिन अमेरिकेतल्या सहा हजारांहून अधिक लोकांच्या अभ्यासात आयआरएफ-४ या जनुकाचा केस पिकण्याशी संबंध आढळला. तेव्हा मोगराताई म्हणतात ते चूक नाही.

आता तंबाखू. रंग बनवण्याचं काम पेशीला मुळातच जड जातं. मेलॅनिन तयार होताना हायड्रोजन पेरॉक्साइड निघतं, पार्लरमध्ये केस ब्लीच करायला वापरतात तेच. कॅटालेज नावाचं विकर त्याचं पाणी आणि ऑक्सिजन करून टाकतं. वयाबरोबर हे विकर कमी पडायला लागतं. २००९ मध्ये संशोधकांनी दाखवलं की पांढऱ्या केसात हे पेरॉक्साइड साठून राहिलेलं असतं. सिगरेटचा धूर याच ठिकाणी भर घालतो. प्रत्येक झुरक्यासोबत ऑक्सिडीकरण करणारी रसायनं रक्तात जातात आणि निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात. जी झीज वयाने हळूहळू व्हायची, तिला धुराचा हातभार लागतो.

माणसांवरचे दोन अभ्यास सांगते. १९९६ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये इंग्लंडमधल्या सहाशेहून अधिक लोकांची पाहणी आली. धूम्रपान करणाऱ्यांत पांढऱ्या केसांची शक्यता सुमारे चौपट आढळली. २०१३ मध्ये जॉर्डनमधल्या २०७ लोकांचा अभ्यास आला, तिशीआधी केस पिकण्याची शक्यता ओढणाऱ्यांत अडीच पट होती. केस पिकायला लागण्याचं सरासरी वय ओढणाऱ्यांत ३१, न ओढणाऱ्यांत ३४.

आणि एक. आशियाई लोकांत पंचविशीच्या आत केस पिकले तर आम्ही त्याला अकाली म्हणतो. तुमचा पहिला केस सत्ताविसाव्या वर्षी दिसला, त्यामुळे व्याख्येने तुम्ही त्यात बसत नाही. तरीही बी-१२, हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासून घ्या. बी-१२ कमी असेल तर केस पिकतात, आणि मुख्य म्हणजे ते दुरुस्त करता येतं.

आकडेमोड

डॉक्टर, आभार. मी संख्याशास्त्र शिकवतो, म्हणून दोन शब्द.

चौपट आणि अडीच पट हे आकडे ऐकायला मोठे वाटतात, पण त्या जॉर्डनच्या अभ्यासातला तीन वर्षांचा फरक माझ्या मते जास्त बोलका आहे. ३१ आणि ३४. म्हणजे सिगरेट न ओढणाऱ्याचेही केस पिकणारच होते, ओढणाऱ्याचे सरासरीने थोडे आधी पिकले. शिवाय असे अभ्यास एकाच वेळी लोकांना बोलावून केलेले असतात. ओढणाऱ्याचं जागरण, उपाशीपोटी चहा, खाण्याची आबाळ, हे सगळं त्याच्यासोबत येतं. त्यातलं धुराचं किती आणि बाकीचं किती, हे वेगळं काढणं कठीण.

सातपूरकर, दादाशी तुलना करताना एवढं लक्षात ठेवा की सख्ख्या भावांतही सरासरी निम्मीच जनुकं सारखी असतात. तुम्ही कदाचित आजोळच्या एखाद्या मामावर गेला असाल. दोन भावांवरून निष्कर्ष निघत नाही. पण म्हणून संबंधच नाही असंही होत नाही. वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या लोकांत एकाच दिशेचं उत्तर येतंय, ते मी गांभीर्याने घेतो.

'पन्नाशीत पन्नास टक्के लोकांचे पन्नास टक्के केस पांढरे' असं सगळीकडे सांगितलं जातं. २०१२ मध्ये जगभरातल्या चार हजारांहून अधिक लोकांवर ते पडताळून पाहिलं, तर पन्नाशीला निम्मं डोकं पांढरं झालेले लोक फक्त ६ ते २३ टक्के निघाले. केसांबद्दलच्या ऐकीव गोष्टी अशा तपासून घ्याव्या लागतात.

आता आपल्या घरचा मुद्दा. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होते. त्यात ओढणारे ३.८ टक्के आणि खाणारे-लावणारे २४.४ टक्के, काही जण दोन्ही करणारे. वरचे दोन्ही अभ्यास ओढणाऱ्यांवरचे आहेत. आपल्याकडची तंबाखू चुना लावून तळहातावर मळली जाते. इंग्लंडचा आकडा उचलून तो मळणाऱ्याला लावता येणार नाही.

माणदेशी_लेक

आकडेमोड सर, तुमचं शेवटचं वाक्य वाचलं आणि आजीबद्दल लिहावंसं वाटलं.

आमच्या माण तालुक्यात मशेरी घरोघर. आजी पहाटे चुलीवर खापरी ठेवायची, तीवर तंबाखूची पानं काळी होईपर्यंत भाजायची. घरभर ठसका. आम्ही पोरं पदराने नाक दाबून अंगणात पळायचो. मग ती हाताने चुरून पत्र्याच्या डबीत भरायची आणि दिवसातून चार वेळा उंबऱ्यात बसून बोटाने हिरडीला लावायची. लावल्याशिवाय तिला परसाकडला होत नसे, डोकं दुखायचं, कामाला हात लागत नसे. तिला पोरवयातच लावायला शिकवलेलं, दात दुखतो म्हणून.

तिचे केस सत्तरीत काळे होते. खरंच काळे. वेणीचा अंबाडा घालायची तेव्हा माझी आई हेव्याने बघायची. "तंबाखूने केस पिकतात म्हणतात त्यांना मला दाखवा," असं आजी म्हणायची.

बहात्तराव्या वर्षी तिला तिखट झोंबायला लागलं. भाकरीसोबतचा ठेचा खाल्ला की डोळ्यांतून पाणी. आईने बॅटरी घेऊन तोंड बघितलं. डोक्यावर पांढरं आलं नव्हतं, गालाच्या आत आलं होतं. रुपयाएवढा चट्टा, खरवडून न निघणारा. नेमका जिथे ती बोट फिरवायची तिथे. पुढचं दीड वर्ष कसं गेलं ते इथे लिहीत नाही.

मला आजीच्या काळ्या केसांचा दाखला देणारे अजून भेटतात, आमच्याच घरात. म्हणून लिहिलं.

त्वचारोग_ओपीडी

माणदेशी ताई, लिहिलंत ते फार बरं केलं. तो चट्टा म्हणजे ल्युकोप्लाकिया असावा, ज्याचा पुढे कॅन्सर होऊ शकतो. बोटाने खरवडून निघत नाही असा पांढरा चट्टा, किंवा लाल चट्टा, किंवा दोन-तीन आठवड्यांत न भरणारं तोंडातलं व्रण. ज्यांच्या घरात मशेरी, तंबाखू, सुपारी आहे त्यांनी महिन्यातून एकदा उजेडात गालाची आतली बाजू, जिभेच्या कडा आणि जिभेखाली बघावं. असं काही दिसलं तर लगेच दाखवावं. वेळेत सापडला तर चट्ट्यावर उपचार होतात.

केस काळे राहिले म्हणून आतलं शरीर तंबाखूपासून सुटलं असं नसतं. प्रत्येक अवयवाचा हिशेब वेगळा असतो.

कात्री_वस्तरा

मी न्हावी आहे, नाशिकला सिडकोत दुकान आहे, बावीस वर्षं झाली. शिकलेल्या लोकांत लिहायला संकोच वाटतो, पण डोकी मी रोज बघतो.

माझा अनुभव असा की पांढरं आधी कानशिलावर येतं, मग वर चढतं, शेवटी मागे मानेकडे. दाढीत हनुवटीला आधी. हे सगळ्यांचंच, ओढणारा असो नसो. पण ओढणारा गिऱ्हाईक मला दुसऱ्या खुणेने कळतो. पांढऱ्या मिशीत, नाकपुड्यांच्या बरोबर खाली, पिवळा-तपकिरी पट्टा असतो. शांपूने जात नाही, साबणाने जात नाही. काळ्या मिशीत तो दिसत नाही एवढंच, डाग तिथेही बसतच असणार. सिगरेट धरायच्या दोन बोटांच्या पेरांवर तोच रंग. विडीवाल्याचा पट्टा जास्त गडद. एक रिटायर मास्तर येतात, त्यांनी विडी सोडल्यावर मी मिशी दर पंधरा दिवसांनी कापत गेलो, तेव्हा दोन-अडीच महिन्यांत पट्टा पूर्ण गेला. मिशी पांढरीच राहिली, पण स्वच्छ पांढरी. मास्तर आरशात बघून बराच वेळ मिशीवरून बोट फिरवत होते.

सातपूरकर, कलप लावायच्या आधी कानामागे थोडा लावून दोन दिवस थांबा. 'काळी मेंदी' म्हणून पुड्या मिळतात त्यातही केमिकल असतं. माझ्या एका गिऱ्हाइकाने घरी लावली, तर दुसऱ्या दिवशी कपाळ आणि पापण्या एवढ्या सुजल्या की डोळे उघडत नव्हते. निव्वळ मेंदी लाल-तांबूस रंग देते. पुडीने काळाभोर रंग दिला तर समजायचं की आत दुसरं काही आहे.

आणि पांढरा केस उपटू नका. एक उपटला की चार येतात हे खोटं, पण सारखा उपटून तिथलं मूळ मरतं आणि केसच येत नाही.

त्वचारोग_ओपीडी

कात्री_वस्तरा, संकोच कशाला? तुम्ही लिहिलंय ते अगदी बरोबर आहे. ते केमिकल म्हणजे पीपीडी. एकदा त्याची ॲलर्जी जडली की ती आयुष्यभर राहते, म्हणून कानामागची चाचणी कधीच टाळू नये, दर वेळी करावी.

वर्धेकाठ

आमच्याकडे विदर्भात खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीवर घोटून देतात, पानठेल्यावर दिवसभर तो घोटण्याचा आवाज. आठवी-नववीतली पोरं खिशात पुडी घेऊन शाळेत येतात. मी शिक्षक आहे. त्यांना कॅन्सरचं सांगितलं तर डोळे फिरवतात. कॅन्सर म्हणजे म्हाताऱ्यांचं काहीतरी, असं त्यांना वाटते.

मागच्या वर्षी मी वेगळं केलं. प्रत्येकाला तोंड उघडून आपली तीन बोटं उभी आत घालायला लावली. सुपारी-तंबाखूने तोंड आखडत जाते, ते त्यात कळते. दोन पोरांची दोनच बोटं गेली. वर्ग एकदम शांत झाला. तेव्हा केस, दात, तोंडाचा वास, जे त्यांना आज दिसते त्यातूनच बोलायला पाहिजे असं माझं मत बनलं. सर म्हणतात ते खरं, खर्ऱ्याने केस पिकतात असं मी पोरांना सांगणार नाही, कारण ते अभ्यास सिगरेटचे. पण सिगरेट ओढणाऱ्या बारावीच्या पोराला मात्र हा धागा नक्की वाचायला देईन. दिसण्यासाठी का होईना, सोडली तर बिघडलं कुठे?

वैद्य_सह्याद्री

आयुर्वेदात केस पिकण्याला पालित्य म्हणतात आणि क्रोध, शोक, अतिश्रम यांनी वाढलेली उष्णता आणि पित्त डोक्याकडे जाऊन केस पिकवतात असं सांगितलंय. जुन्या ग्रंथांत तंबाखूचा उल्लेख सापडणार नाही, कारण ती आपल्याकडे पोर्तुगीजांसोबत आली. पण गरम, तीक्ष्ण, कोरडा धूर पित्त वाढवणार हे कुठलाही वैद्य सांगेल. माका आणि आवळ्याचं तेल मी देतो, केसांची निगा म्हणून देतो. पिकलेलं डोकं त्याने काळं होतं असं सांगणाऱ्यापासून रुग्णांनी सावध राहावं, मग तो माझ्याच शाखेचा का असेना.

शोक आणि श्रम यांबद्दल आधुनिक शास्त्र काय म्हणतं, हे डॉक्टरांकडून ऐकायला आवडेल.

त्वचारोग_ओपीडी

वैद्यबुवा, त्यावर गेल्या काही वर्षांत छान काम झालंय. २०२० मध्ये अमेरिकेत उंदरांवर प्रयोग झाला. तीव्र ताण दिला की केसाच्या मुळाजवळच्या मज्जातंतूंतून नॉरॲड्रेनलिन सुटतं, रंगाच्या मूळपेशी एकदम कामाला लागतात आणि साठा संपून जातो. २०२१ मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या गटाने १४ माणसांचे केस घेऊन एकेका केसाची लांबीभर रंगाची नोंद केली. झाडाच्या खोडातली वलयं वाचावीत तसं. काही केस टोकाला पांढरे आणि मुळाशी पुन्हा काळे निघाले, आणि त्यातल्या काहींचा काळ ताण हलका होण्याच्या काळाशी जुळला. एका माणसाचे पाच केस सुट्टीवर गेल्यावर पुन्हा रंगले होते.

पण यातून आशा किती धरायची? नुकताच पांढरा व्हायला लागलेला एखादा केस मागे फिरू शकतो. वर्षानुवर्षं पांढरा असलेला केस सिगरेट सोडून काळा होईल असं मी तुम्हाला सांगणार नाही. निकोटीनसुद्धा शरीरात नॉरॲड्रेनलिन वाढवतं, आणि ओढणाऱ्याला जे 'टेन्शन गेलं' वाटतं ते बहुतेक वेळा आधीच्या सिगरेटची तलफ शमल्याचं असतं. ताण घालवायला म्हणून ती ओढण्यात अर्थ नाही.

पुन्हा_श्वास

सातपूरकर, मी सोडून चौदा महिने झाले, वय ४१. केस होते तितके पांढरे आहेत, वाढलेही थोडे. ते खरं ते सांगतो. बदललं काय, तर जिना. तिसऱ्या मजल्यावर राहतो, आधी दुसऱ्यावर थांबून मोबाइल बघायचं नाटक करायचो. आता सरळ वर जातो. आणि मुलगी कुशीत झोपते. आधी "बाबा वास येतो" म्हणून पाठ फिरवायची.

पहिले तीन दिवस फार वाईट गेले. तलफ आली की ती पाच-सात मिनिटांत ओसरते हे कुणीतरी सांगितलं होतं, तेच धरून बसलो. घड्याळ समोर ठेवायचो. १८००-११-२३५६ हा सरकारी मोफत नंबर आहे, मी दोनदा फोन केला, नीट बोलले. डॉक्टरांनी निकोटीनचं च्युइंगम दिलं, तेही कामी आलं. रात्रपाळीचा पहिला ब्रेक सगळ्यात अवघड जाईल, तेव्हा टपरीवाल्या घोळक्यात उभे राहू नका.

सातपूरकर (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितोय, कारण आधी रिपोर्ट हातात यायला हवे होते.

थायरॉइड ठीक. हिमोग्लोबिन काठावर. बी-१२ आलं १६८, लॅबच्या कागदावर खालची मर्यादा २११ लिहिलीय. बी-१२ मांस, अंडी, दुधातून मिळतं, आणि आम्ही घरी अंडंही खात नाही. दादाचंही तपासलं, त्याचं २४० आलं, पण तो रोज सकाळ-संध्याकाळ दूध पितो, मी चहा-सिगरेटवर दिवस काढायचो. म्हणजे माझ्या कानशिलांत वडिलांचं किती, बी-१२ चं किती आणि सिगरेटचं किती, हे आता कुणालाच वेगळं करून सांगता येणार नाही. आकडेमोड सरांनी आधीच सांगितलं होतं.

माणदेशी ताई, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. तिने माझ्या आत्याला फोन लावला, आत्या अजून मशेरी लावते. दोघी बराच वेळ बोलल्या. आत्या तोंड दाखवायला तयार झालीय, शनिवारी नेतोय.

माझा आज अकरावा दिवस. पुन्हा_श्वास, तुम्ही म्हणालात तसंच झालं, तिसऱ्या रात्री पहिल्या ब्रेकला पाय आपोआप टपरीकडे वळले होते. गेटपर्यंत जाऊन परत आलो आणि कॅन्टीनमध्ये बडीशेप चघळत बसलो. हात थरथरत होते.

डॉक्टर, बी-१२ ची इंजेक्शनं सुरू केलीत. फरक पडला तर केसात किती दिवसांनी कळेल?

त्वचारोग_ओपीडी

शाब्बास. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो. आत्ता डोक्यावर दिसतंय ते जुनं आहे, ते पांढरंच राहणार. जे काही व्हायचं ते मुळाशी दिसेल, आणि नीट कळायला चार महिने तरी द्या. बी-१२ मुळे झालेल्या पांढऱ्यात काहींना मुळाशी गडद रंग आलेला मी पाहिलाय, काहींना नाही. तोवर कलप टाळलात तर बघणं सोपं जाईल.

आत्यांचं शनिवारचं नक्की कळवा.

कात्री_वस्तरा

सातपूर ते सिडको लांब नाही. चार महिन्यांनी दुकानात या, माझ्याकडे भिंग आहे. कानशिलाजवळचे केस बाजूला करून मुळाशी काय आलंय ते दोघं मिळून बघू.